समोरच्या घरातली खापरपणजी

आईला अमेरिकेतल्या युटा राज्यात येऊन तीनच दिवस झाले होते. पहाटे तीनला उठून ती स्वयंपाकघरात खुडबुड करायची आणि दुपारी बसल्या जागी पेंगायची. अशाच एका दुपारी समोरच्या घरातली बाई झुकिनी घालून केलेला गोड ब्रेड घेऊन आली. ब्रेड अजून कोमट होता, वर धुतलेलं फडकं गुंडाळलेलं. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला, तिच्याकडे बघून छान हसली आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं मला मराठीत विचारलं, "हिच्या नवऱ्याला आणखी किती बायका आहेत गं?"

आई काय म्हणाली हे कळावं म्हणून ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, आईला ब्रेडचा वास फार आवडलाय.

ही २०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. ते खोटं माझ्या मनाला लागून राहिलं. पाच वर्षांपूर्वी आमची मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आमचं इथं कुणी नव्हतं. त्या वेळी याच बाईनं तिच्या चर्चमधल्या बायकांची यादी केली आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी साडेपाचला कुणी ना कुणी दारात गरम जेवण ठेवून जात होतं. आम्ही मांस खात नाही हे तिनं एकेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. एकीनं तर कुठूनतरी शिकून मुगाची खिचडी केली होती. तिच्यात मीठ कमी होतं आणि मी ती रडत रडत खाल्ली.

तर या बाईला मी काय सांगणार, की माझी आई तुझ्या सवती मोजतेय?

आईला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिनं टीव्हीवर एक नवरा आणि चार बायकांचा अमेरिकन कार्यक्रम पाहिला होता आणि ते लोक युटाचे, मॉर्मन, एवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. आम्ही २०१३ मध्ये न्यू जर्सी सोडून इकडे यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनीही हेच विचारलं होतं. शिकलेली, वीस वीस वर्षं अमेरिकेत राहिलेली माणसं. "युटा? म्हणजे ते अनेक बायकावाले?" मीही तेव्हा हसले होते. मला तरी कुठं काय माहीत होतं?

त्या रात्री आईला मी जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. टीव्हीवरचं ते कुटुंब अपोस्टॉलिक युनायटेड ब्रदरन नावाच्या छोट्या पंथातून आलेलं. समोरची बाई ज्या चर्चची आहे, ज्याच्या लोकांना मॉर्मन म्हणतात, त्याचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत, जगभरात दीड कोटीहून जास्त सभासद. त्यातल्या कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. आजकाल नाही, शंभर वर्षांहून जास्त काळ. जे लोक अजून अनेक बायका करतात ते या चर्चमधून फुटलेले किंवा हाकललेले, आणि त्यांचे सगळे गट एकत्र केले तरी संख्या लाखाच्या आतच.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फुटले कशावरून? आधी सगळेच करत होते म्हणून ना?"

आईचं शिक्षण जुनी सातवी. पण हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता.

कारण खरंच, आधी करत होते. जोसेफ स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर अनुयायांची वाटणी झाली. काही त्याच्या मुलामागे गेले. त्यांचं चर्च आजही मिझुरीत आहे आणि बहुपत्नीत्वाला त्यांनी कायम विरोधच केला. मोठा जथा ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग बैलगाड्या घेऊन निघाला आणि १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. एकाहून अधिक बायका करणं ही ईश्वराची आज्ञा आहे असं १८५२ मध्ये तिथंच उघडपणे जाहीर झालं. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकन सरकार आणि हे लोक यांच्यात झुंज चालली. कायद्यामागून कायदे आले, हजाराहून जास्त पुरुष तुरुंगात गेले, चर्चची मालमत्ता जप्त झाली. शेवटी १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नवीन बहुपत्नी विवाह थांबवल्याचं जाहीर केलं. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. तरी आतून काही लग्नं लागतच होती, म्हणून १९०४ मध्ये आणखी कडक फर्मान निघालं: आता करेल तो चर्चच्या बाहेर.

ज्यांना हे पटलं नाही ते म्हणाले, देवाची आज्ञा सरकारच्या धाकानं कशी बदलेल? बदललात तुम्ही, आम्ही मूळ धरून आहोत. त्यांना मूलतत्त्ववादी म्हणतात ते यावरून. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गटाचं नाव फंडामेंटलिस्ट चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. दोन नावांत एका शब्दाचा फरक. लांबून बघणाऱ्याची गल्लत झाली तर नवल नाही.

पण जवळून बघितल्यावर काय दिसतं, ते मी आई येण्याच्या आदल्या वर्षी पाहिलं होतं.

आम्ही झायनचं राष्ट्रीय उद्यान बघून ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठाकडे निघालो होतो. हरिकेन नावाचं गाव मागे टाकलं की रस्ता वर चढतो आणि मग लालभडक कड्यांच्या पायथ्याशी एक वस्ती लागते. अर्धी युटात, तिचं नाव हिल्डेल. अर्धी ॲरिझोनात, तिचं नाव कोलोरॅडो सिटी. जुने लोक दोन्हीला मिळून शॉर्ट क्रीक म्हणतात. आमच्या घरापासून गाडीनं साडेचार-पाच तास. रस्ते रुंद, घरं प्रचंड मोठी आणि कित्येकांच्या भिंती अर्धवट, गिलावा न केलेल्या. काही घरांभोवती माणसाच्या दीडपट उंचीच्या भिंती. पेट्रोल भरून मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला दुकानात गेले.

तिथं दोन मुली होत्या. एक सोळा-सतरा वर्षांची, दुसरी आठ-नऊची. दोघींच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचे, घोट्यापर्यंत येणारे फिकट रंगांचे झगे, एक आकाशी आणि एक अबोली. कपाळावर केस उंच फुगवलेले, मागे लांब वेणी. झग्याखाली साधे धावायचे बूट. मोठी मुलगी पिठाच्या पिशव्यांवरच्या किमती वाचत होती, ओठ हलवत, बेरीज करत असावी. मी फोन काढला. का काढला याचं माझ्याकडे उत्तर नाही. फोटो घेणार तेवढ्यात धाकटीनं बघितलं आणि मोठीचा झगा ओढला. मोठीनं मान न वळवता एक पाऊल पुढे टाकलं आणि धाकटीला आपल्या आड घेतलं. अगदी सवयीनं. पाठीवर कुणाचीतरी नजर किंवा कॅमेरा असणं हे तिला रोजचं असणार. मी फोन पर्समध्ये टाकला, पण तिनं ते पाहिलं नाही. ती तशीच पाठमोरी उभी राहिली, मी जाईपर्यंत.

नंतर मी या गावाबद्दल वाचत गेले. चर्चमधून काढलेली कुटुंबं १९३०च्या दशकात इथं जमायला लागली. १९५३ च्या २६ जुलैला ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाईल यांनी पोलिस घालून अख्खं गाव ताब्यात घेतलं, अडीचशेहून जास्त मुलं सरकारच्या ताब्यात घेतली. मुलं नेतानाचे फोटो छापून आले, देशभर हळहळ झाली, आणि पुढच्या निवडणुकीत पाईल पडले. सॉल्ट लेकच्या चर्चच्या मालकीच्या वर्तमानपत्रानं मात्र या कारवाईची पाठराखण केली होती. हे वाचून मी थांबले. आपल्यातून फुटलेल्यांवर माणूस परक्यांपेक्षाही कठोर होतो.

त्या धाडीनंतर सरकारांनी पन्नास वर्षं या गावाकडे बघायचंच टाळलं. त्या पन्नास वर्षांत आत काय वाढलं ते वॉरन जेफ्सच्या रूपानं बाहेर आलं. २००२ मध्ये वडील गेल्यावर तो गटाचा प्रमुख झाला. कुणाचं लग्न कुणाशी हे तो ठरवायचा, मर्जीतून उतरलेल्या पुरुषाची बायकामुलं काढून दुसऱ्याला द्यायचा. मोठ्यांच्या वाट्याला जास्त बायका याव्यात तर तरुण मुलगे नकोत, हे साधं गणित. शेकडो पोरं क्षुल्लक कारणांवरून गावाबाहेर हाकलली गेली. लाल रंग बंद, टीव्ही बंद, सरकारी शाळा बंद. २००६ मध्ये तो पकडला गेला आणि २०११ मध्ये टेक्सासच्या न्यायालयानं बारा आणि पंधरा वर्षांच्या मुलींवरच्या अत्याचारासाठी त्याला जन्मठेप आणि वर वीस वर्षं दिली.

या सगळ्याला जगानं काय नाव दिलं? "मॉर्मन लोकांची बहुपत्नीत्वाची प्रथा."

मला यातलं दुःख सांगायचं आहे. या एका गल्लतीत दोन अन्याय आहेत. समोरच्या घरातली, एका नवऱ्याशी पंचवीस वर्षं संसार केलेली, चहा-कॉफीलाही न शिवणारी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देणारी बाई कुठंही गेली तरी लोक तिच्या नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावतात. हा झाला एक. दुसरा मला जास्त मोठा वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बारा वर्षांच्या मुलीवरचा गुन्हा "त्यांच्यात असतं तसं" या तीन शब्दांत विरघळून जातो. प्रथा म्हटलं की माणसं कुतूहलानं बघतात. गुन्हा म्हटलं असतं तर कुणीतरी लवकर धावलं असतं. आणि त्या दुकानातली मुलगी या दोन्हीच्या मध्ये पाठमोरी उभी राहते. ती प्रथाही नाही आणि गुन्हाही नाही, ती पिठाचा भाव बघायला आलेली मुलगी आहे.

नोव्हेंबर उजाडला. चार तारखेला मेक्सिकोतल्या सोनोरा भागात गाड्यांवर गोळीबार झाला. तीन बायका आणि सहा मुलं गेली. मारणारे अमली पदार्थांच्या टोळ्यांमधले. मेलेल्या बायका अमेरिकेच्याही नागरिक होत्या, ला मोरा नावाच्या वस्तीतल्या, बहुपत्नीत्व सोडायला नको म्हणून पूर्वी मेक्सिकोत गेलेल्यांच्या वंशातल्या. सगळीकडे मथळे आले: मॉर्मन कुटुंबाची हत्या. माझ्या कऱ्हाडच्या मावसभावाचा मेसेज आला, "ताई, तुमच्या भागात मॉर्मन लोकांना मारलं म्हणे, सांभाळून राहा."

सॉल्ट लेकच्या चर्चनं दुखवटा कळवला आणि आपल्या माहितीप्रमाणे ते आपले सभासद नाहीत, असंही सांगितलं. वस्तुस्थिती म्हणून ते बरोबरच होतं. पण त्या संध्याकाळी समोरची बाई आमच्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, दिवसभर मला फोन येतायत, तुम्ही सुखरूप ना? आणि मी प्रत्येकाला सांगतेय की ते आम्ही नव्हे, ते आम्ही नव्हे. दहा वेळा सांगून झाल्यावर मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. नऊ जीव गेलेत आणि मी नातं झटकत बसलेय.

आई तिच्याकडे बघत होती. शब्द कळत नव्हते तरी काय चाललंय ते तिला कळलं. ती उठली आणि आधण ठेवलं. मी घाईनं म्हटलं, "आई, ती चहा घेत नाही." हे आईला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातच यावरून ती हिरमुसली होती. आल्या माणसाला चहा द्यायचा नाही तर द्यायचं काय?

"चहा कोण करतंय?" आई म्हणाली आणि खिडकीतल्या कुंडीकडे गेली.

त्या कुंडीत मी गवती चहा लावलाय. इथल्या थंडीत बाहेर जगत नाही, म्हणून घरात. आईनं चार पाती कापली, आलं ठेचलं, गूळ घातला. चहापूड नाही, दूध नाही. कप पुढे केल्यावर मी सांगितलं की याला आम्ही गवती चहा म्हणतो. चहा हा शब्द ओळखीचा असल्यामुळे बाईचा हात थबकला. तिच्या धर्मात चहा वर्ज्य. आईनं ते पाहिलं, एक ओलं पातं तिच्या तळहातावर ठेवलं आणि चुरगळून दाखवलं. बाईनं हात नाकाशी नेला. "गवत," आई मराठीत म्हणाली. "नुसतं नाव चहा."

ती दोन कप प्याली. मग फोनमध्ये एक फोटो काढून तिनं आमच्यासमोर ठेवला.

जुना, तपकिरी फोटो. गळाबंद काळ्या पोशाखातली, हाडापेरानं मोठी अशी बाई, मांडीवर तान्हं मूल. ही माझी खापरपणजी, ती म्हणाली. तिसरी बायको. १८८०च्या दशकात सरकारी मार्शल बहुपत्नीवाल्यांना शोधत गावोगाव फिरायचे तेव्हा ही पोटुशी होती. नवऱ्याविरुद्ध पुरावा म्हणजे हिचं पोट. म्हणून तिला रातोरात दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं, खोट्या आडनावानं. बाळंतपण परक्या घरात झालं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला बाप कोण हे सांगितलं नव्हतं, न जाणो, कुणासमोर बोलून गेलं तर. अशा शेकडो बायका होत्या. याला ते 'भूमिगत' म्हणत.

"आम्ही ते नव्हे, असं मी म्हणते तेव्हा ही माझ्याकडे बघते," ती म्हणाली.

मग ती बराच वेळ बोलत राहिली. तिच्या चर्चचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी १९९८ मध्ये सांगितलं होतं की मूलतत्त्ववादी मॉर्मन असं काही नसतंच, हे दोन शब्द एकत्र येऊच शकत नाहीत. २०१८ पासून तर मॉर्मन हा शब्दच वापरू नका, पूर्ण नाव घ्या, असा आग्रह आहे. तिला तो पटतो. पण शब्द पुसल्यानं सगळं पुसतं का, हे तिला कळत नाही. बहुपत्नीत्वाबद्दलचं ते जुनं प्रकरण, एकशे बत्तिसावं, अजून त्यांच्या धर्मग्रंथात आहे. आणि आजही विधुर माणसानं पुन्हा लग्न केलं तर मंदिरात त्याची गाठ दुसरीशीही कायमची बांधली जाते, मरणानंतरही टिकणारी. पहिलीशी बांधलेली सुटत नाही. ती खाली बघत म्हणाली, मी आधी गेले आणि यानं पुन्हा केलं, तर तिकडे आम्ही दोघी असू. हा विचार मी कुणाजवळ बोलत नाही. प्रार्थनेत बोलते.

मी आईसाठी भाषांतर करत होते. इथं माझा आवाज अडकला, तरी सांगितलं.

आई म्हणाली, "तिला सांग, माझी आजी दुसरी होती."

मी आईकडे बघतच राहिले. पन्नाशीला टेकलेली मी, मला हे माहीत नव्हतं. धाकटी आजी आणि मोठी आजी हे शब्द आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेत. मला वाटायचं, एक आजी आणि एक तिची जाऊ. आई म्हणाली, जाऊ नव्हे. मोठीला मूल नव्हतं. सात-आठ वर्षं वाट बघून तिनंच आपल्या हातानं धाकटी शोधून आणली म्हणतात. खरं खोटं देव जाणे. सवतीवर दिलेली पोर, बारा-तेरा वर्षांची. कऱ्हाडजवळच्या त्या घरात चूल एकच. धाकटीची पाचही मुलं मोठीलाच आई म्हणायची आणि धाकटीला वहिनी. माझ्या आईचं बारसं मोठीनं केलं. आणि मोठी गेली त्या दिवशी धाकटीनं तिच्या अंगावर आपलं लग्नातलं लुगडं घातलं. एवढं सांगून आई थांबली. "प्रेम होतं का गं त्यांच्यात?" मी विचारलं. "रोज एका ताटात कोण जेवायचं, ते बघितलं असतं तर कळलं असतं," आई म्हणाली. "तेवढं बघायला मी लहान होते."

मी भाषांतर केलं. समोरच्या बाईनं आईचा हात धरला आणि दोघी तशाच बसल्या.

त्यानंतर मी हा इतिहास नव्यानं वाचू लागले. आमच्याच घरातली गोष्ट निघाल्यावर दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायची हिंमत राहिली नाही. ब्रिगहॅम यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागला १८७९ मध्ये. न्यायालय म्हणालं, श्रद्धा काहीही असो, तिच्या नावाखाली काय करावं यावर कायदा बंधन घालू शकतो. एखादी बाई धर्म म्हणून नवऱ्याच्या चितेवर चढायला निघाली तर सरकारनं अडवायचं नाही का? म्हणजे आपली सती तिथं उदाहरणाला आली. त्याच निकालात असंही म्हटलंय की मॉर्मन चर्च येईपर्यंत बहुपत्नीत्व हे जवळजवळ फक्त आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या लोकांतच होतं. मॉर्मन लोकांना त्या काळी सगळ्यात जास्त टोचलं ते हे असणार: तुम्ही त्यांच्यासारखे आहात. आणि ते 'त्यांच्यासारखे' म्हणजे माझ्या आईची मोठी आजी आणि धाकटी आजी.

पुढं हे चक्र उलट फिरून आपल्याकडे आलं. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदूंमध्ये दुसरं लग्न हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. युटातल्या १८९० च्या त्या जाहीरनाम्यानंतर छप्पन्न वर्षांनी. त्याला आव्हान देणारा खटला, नरसू अप्पा माळीचा, १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला आणि आमच्या साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर. त्यांनी कायदा उचलून धरला, आणि छागलांनी धर्मश्रद्धा वेगळी, धर्माचार वेगळा हा भेद सांगताना आधार घेतला तो अमेरिकेतल्या मॉर्मन बहुपत्नीत्वाच्या खटल्यांमधल्या तत्त्वाचा. समोरच्या बाईच्या खापरपणजोबांना ज्या तत्त्वानं तुरुंग दाखवला, त्याच तत्त्वानं माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या डोक्यावरची सवतीची टांगती तलवार उतरवली. मी आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं."

या लोकांचा आपल्या भाषेशी त्याहून जुना संबंधही निघाला. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीत जाऊन प्रचार करू लागला. पुढं त्यानं मराठ्यांना उद्देशून एक पत्रकही मुंबईत छापलं. तो मुंबईत उतरला त्याच वर्षी सॉल्ट लेकला बहुपत्नीत्व उघड जाहीर झालं होतं. ती बातमी हिंदुस्थानात पोचल्यावर तिथल्या मिशनऱ्यांचं काम फार अवघड झालं, आणि काही वर्षांत ते परतले. म्हणजे आईनं दारात विचारलेला प्रश्न पुण्यातही कुणीतरी, मराठीत, त्यांना विचारला असेल.

खापरपणजीच्या पिढीतली आणखी एक बाई मला सोडवत नाही. मार्था ह्यूज कॅनन. डॉक्टर. एका माणसाची चौथी बायको, मार्शलांच्या भीतीनं तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडात लपून राहिलेली. १८९६ मध्ये ती युटाच्या सिनेटवर निवडून आली, अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य सिनेटर. तिच्या विरोधातल्या यादीत तिचा नवराही उमेदवार होता. तो पडला. तिला तुम्ही 'बिचारी' या खणात टाकाल की 'पराक्रमी' या खणात? मला दोन्ही अपुरे वाटतात.

शॉर्ट क्रीकही आता ते राहिलेलं नाही. जमिनी आणि घरं पंथाच्या ट्रस्टच्या हातातून न्यायालयानं काढून घेतली, बाहेर पडलेली कुटुंबं परत येऊन आपली घरं सोडवतायत. २०१७ मध्ये हिल्डेलला महापौर म्हणून एक स्त्री निवडून आली, पंथ सोडलेली. शाळा पुन्हा भरते. झगे घालणाऱ्या बायका आहेत, जीन्स घालणाऱ्याही आहेत, आणि कधीकधी त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. २०२० मध्ये युटानं सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या बहुपत्नीत्वाची शिक्षा किरकोळ केली आणि बळजबरी, फसवणूक, अत्याचार यांची कडक ठेवली. हेतू हा की बायकांना तुरुंगाची भीती न बाळगता पोलिसांकडे जाता यावं. समोरच्या बाईला हा बदल आवडला नाही. मला आवडला. यावर आमचं बोलणं झालं, वाद झाला, मग तिनं लावलेल्या टोमॅटोंची एक टोपली आली.

आई डिसेंबरात परत गेली. निघताना गवती चहाचं एक ठोंब तिनं समोरच्या घरी दिलं. मी दाराशी उभी राहून, तीन महिन्यांनी, त्या बाईला सांगितलं की पहिल्या दिवशी आई काय म्हणाली होती. तिला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं आईला मिठी मारली.

मागच्या हिवाळ्यात एकदा तिच्या टेबलाशी बसलो असताना तिनं लॅपटॉपवर आपली वंशावळ उघडली. या लोकांचं हे मोठं काम आहे, पिढ्यान् पिढ्यांची नावं जपणं. खापरपणजोबांच्या नावाखाली तीन बायका, तिघींची पूर्ण नावं, जन्म कुठला, कुठून बोटीनं आल्या, कोण कुठं पुरली. सगळी मुलं. त्या लपवलेल्या मुलाचं नाव आणि त्याच्या पुढं बापाचं खरं नावही. मग तिनं मला विचारलं, तुझ्या आईच्या मोठ्या आजीचं नाव काय?

मी तिथूनच आईला फोन लावला. आई गप्प झाली. मग म्हणाली, "मोठी आजीच म्हणायचो गं आम्ही." मामाला विचारते म्हणाली. मामालाही माहीत नव्हतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, पुढं मुलांची.

चार दिवसांनी पहाटे आईचा फोटो आला. गावच्या घरातल्या माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ, राखेनं घासून लख्ख केलेलं. माहेराहून आलेलं असणार, मोठीच्या लग्नातलं. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, मधली दोन झिजलेली. मी फोन घेऊन समोरच्या घरी गेले. तिनं चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि मी तिला एकेक अक्षर वाचून दाखवलं.